नववीच्या नव्या वर्गशिक्षिकेस

अगं, नववीचा वर्ग तुझ्याकडे आलाय म्हणून पोरांच्या नशेबद्दल आधीच सांगते. दारूचा वास नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. आपल्या बंदरावर होड्या रंगवायचा थिनर, पंक्चरचं सोल्युशन पोरांच्या सहज हाती लागतं, आणि नशेसाठी ती ते हुंगतात. बाहीला रसायनाचा वास, नाकातोंडाभोवती पुरळ, जड जीभ, भूक मेलेली, हे एकत्र दिसलं की जवळ जाऊन बस. एकाच खुणेवर शिक्का मारू नकोस. आंब्याच्या हंगामात रात्रभर पेट्या भरणारं पोरही वर्गात पेंगतं.

औषधांचं जास्त फसवं. कोडीन, म्हणजे अफूच्या जातीचं द्रव्य, असलेलं खोकल्याचं औषध, आजीच्या झोपेच्या गोळ्या. कोडीनने डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. घरच्या गोळ्या मोजून कुलपात ठेवा, असं पालकसभेत सांगच.

हुंगताना कुणी सापडलं तर ओरडू नकोस, पाठलाग तर मुळीच नको. दचकून, धावून हृदय बंद पडू शकतं, अगदी पहिल्याच वेळीसुद्धा. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळव, १०८ लाव. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा मोफत नंबर आहे.

आणि आधी मुलाशी बोल, मग घरी. मी एकदा उलटं केलं. बापाने बेदम मारलं, आणि त्या पोराने पुन्हा माझ्यापाशी तोंड उघडलं नाही.