मुंबईहून मसाई माराला जाताना कॅमेरा, मोठी लेन्स आणि ट्रायपॉड विमानात कसं न्यावं?

दोन कॅमेरा बॉडी, २००-६०० मिलिमीटरची लेन्स, एक छोटी झूम, ट्रायपॉड आणि लॅपटॉप घेऊन ऑगस्टमध्ये नैरोबी आणि तिथून छोट्या विमानाने केनियातलं मसाई मारा अभयारण्य गाठायचं, तर केबिनमध्ये काय ठेवावं आणि चेक-इनमध्ये काय टाकावं, असा तुमचा प्रश्न आहे. मी फोटोग्राफीसाठीच तिकडे जाऊन आलेय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पॅकिंगचा हिशेब मुंबईच्या विमानापासून करू नका, शेवटच्या विमानापासून करा. तुम्ही उतराल नैरोबीच्या जोमो केन्याटा विमानतळावर, पण माराची छोटी विमानं सुटतात तिथल्याच दुसऱ्या, विल्सन विमानतळावरून. तिथे साधारण माणशी १५ किलोच सामान चालतं आणि हातातली बॅगही त्यातच धरतात. पाठीवरची सॅकसुद्धा उतरवून काट्यावर ठेवावी लागते. बॅग कापडी, मऊ हवी. सेसना कॅरव्हॅनसारख्या विमानात सामान पोटाखालच्या कप्प्यात दाबून बसवतात, तिथे चाकांची कडक सुटकेस नकोच म्हणतात. एवढ्यात भागणारच नसेल तर काही कंपन्या सामानासाठी जादा सीट विकतात, पण ती आधीच बुक करावी लागते. त्यापेक्षा कपडे कमी करा. बहुतेक कॅम्पवर कपडे धुऊन मिळतात.

ट्रायपॉड घरी ठेवा. मारात फोटो गाडीतूनच काढायचे असतात, ठरावीक जागा सोडल्या तर खाली उतरता येत नाही. शिवाय आपल्याकडे ट्रायपॉड केबिनमध्ये सोडतील की नाही हे सिक्युरिटीवर त्या वेळी कोण आहे त्यावर ठरतं. त्याऐवजी रिकामी बीनबॅग घडी करून न्या आणि कॅम्पवर पोहोचल्यावर स्वयंपाकघरातून तांदूळ किंवा राजमा मागून भरा. खिडकीच्या कडेवर किंवा उघड्या छताच्या चौकटीवर ती ठेवली की ६०० मिलिमीटरलाही लेन्स छान स्थिर राहते. निघताना धान्य परत करायचं.

आता मुंबईचे ७ किलो. बहुतेक भारतीय विमान कंपन्यांची इकॉनॉमीतली केबिन बॅगेची मर्यादा एवढीच असते, तुमच्या तिकिटावर वेगळा आकडा असेल तर तो धरा. सोनीची २००-६०० कॉलर (लेन्स ट्रायपॉडला जोडायचं कडं) सोडून २.१ किलोची आहे. दोन मिररलेस बॉडी साधारण दीड किलो, त्यावर लॅपटॉप आणि छोटी झूम. म्हणजे वजन खरं खाते ती बॅग. जाड पॅडिंगच्या कॅमेरा बॅगा रिकाम्याच दोन किलोंच्या पुढे जातात. साधी हलकी सॅक घ्या आणि आत फक्त पॅड असलेला कप्पा सरकवा. हूड, कॉलर, दुसरा चार्जर, सगळे ॲलन-की आणि स्क्रू-ड्रायव्हर चेक-इनमध्ये जाऊ द्या. तरी काटा वर गेलाच तर एक बॉडी छोट्या झूमसकट गळ्यात अडकवा.

दोन्ही बॉडी, मोठी लेन्स, कार्डं, बॅटऱ्या आणि एक चार्जर मात्र तुमच्याबरोबरच हवेत. चेक-इन बॅग दोन दिवस उशिरा आली तरी पहिल्या पहाटे तुम्हाला काम सुरू करता आलं पाहिजे. विल्डबीस्टचे (आफ्रिकेतल्या मोठ्या हरणांचे) कळप मारा नदीत कधी उड्या घेतील याचा काही नेम नसतो. ते दृश्य लेन्सशिवाय नुसतं बघत बसायची पाळी कुणावरही येऊ नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवरबँक चेक-इनमध्ये चालतच नाहीत. शॉर्ट होऊन पेट घेतला तर केबिनमध्ये कर्मचारी आग आटोक्यात आणू शकतात, खाली सामानात ते शक्य नसतं. कॅमेऱ्याची बॅटरी १६ वॉट-अवरच्या आसपास असते आणि मर्यादा १०० ची आहे, त्यामुळे काळजी नको, फक्त टोकांवर टोपी किंवा चिकटपट्टी लावा. २०,००० एमएएचची पॉवरबँकही ७४ वॉट-अवरच भरते. विमानाच्या दाराशी तुमची सॅक खाली पाठवायला सांगितली, तर आधी बॅटऱ्या, कार्डं आणि लेन्स बाहेर काढा, मगच बॅग हातातून सोडा. यासाठी घडीची एक कापडी पिशवी सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा.

सिक्युरिटीवर बॉडी आणि लेन्स वेगळ्या ट्रेमध्ये काढून ठेवायला सांगतात. घाई करू नका, शांतपणे एकेक काढा आणि ट्रे स्कॅनरच्या पलीकडे येईपर्यंत नजर हलवू नका.

कस्टम्सचं काम बरेच जण टाळतात, तुम्ही टाळू नका. जाताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. बॉडी आणि लेन्सचे सिरीयल नंबर आणि बिलं लागतात, वस्तूही दाखवाव्या लागतात, म्हणून तास-दीड तास हाताशी ठेवून निघा. परत येताना हे सामान बाहेरून आणलंय का असं कुणी विचारलं तर तो कागद पुरतो. तीच यादी विम्यालाही कामाची. साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये कॅमेऱ्याची पूर्ण किंमत सहसा मिळत नाही, कॅमेऱ्याची वेगळी पॉलिसी बघा.

धुळीसाठी प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नका, केनियात २०१७ पासून त्यांच्यावर कडक बंदी आहे. जुनी सुती उशीची खोळ न्या. कॅमेऱ्यासकट लेन्स तीत मावते आणि गाडी थांबली की एका झटक्यात बाहेर येते. प्लग तिकडे तीन चौकोनी पिनांचा लागतो.

कॅमेऱ्याशी संबंध नाही, पण पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या. ती ठरावीक केंद्रांवरच मिळते, तेव्हा अपॉइंटमेंट आत्ताच बघा. लस घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा, परतल्यावर मुंबईत विचारतात.