कंपनी तीन धंदे विकतेय, मी शेअर विकून खोल्या बांधू का?

प्रश्न थोडक्यात असा. देवगड तालुक्यातले एक वाचक, वय ४६. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत बरीच वर्षं नोकरी करून गावी परतले. घरची हापूसची बाग बघतात आणि घरूनच प्रकल्पांची कामं करून वर्षाला सहा लाखांच्या आसपास कमावतात. २०२० मध्ये ईसॉपमधून (कंपनी कर्मचाऱ्यांना ठरावीक किमतीत शेअर घेण्याचा हक्क देते ती योजना) घेतलेले जुन्या कंपनीचे १,५०० शेअर त्यांच्याकडे आहेत. आजचा भाव ६२० रुपये, म्हणजे ९ लाख ३० हजार. शिवाय तीन लाखांची एफडी, अडीच लाखांचं पीक कर्ज आणि वाशी बाजारातल्या आंब्याच्या दलालाकडून घेतलेली दीड लाखाची उचल. कंपनीने रुग्णालयांचं सॉफ्टवेअर, कॉल सेंटर आणि प्रशिक्षण हे तीन विभाग विकून फक्त बँकांच्या सॉफ्टवेअरवर लक्ष देणार असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर भाव चढला. ते विचारतात: आणखी शेअर घेऊ, की सगळे विकून कुणकेश्वरच्या जागेत पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधू? खोल्यांचा अंदाज १२ लाख आहे आणि कमी पडतील ते तीन लाख कर्जाने उभे करायचा विचार आहे.

उत्तर:

दोन्ही नको. नवीन शेअर घेऊ नका. असलेल्यांपैकी ९०० विका, तेही दोन हप्त्यांत, आणि ६०० ठेवा. खोल्यांचं काम यंदा काढू नका. आता कारणं सांगतो.

कंपनीचे जे आकडे तुम्ही पाठवलेत, ते नीट मांडून पाहू. वर्षाची विक्री १,००० कोटी. त्यात बँकिंगचे ६५० कोटी, नफा १४० कोटी. विकायच्या तीन विभागांची विक्री ३५० कोटी, नफा २० कोटी. आणि ‘अनअलोकेटेड’ म्हणजे कुठल्याच विभागावर न टाकलेला खर्च ६० कोटी. व्याज आणि कर जाण्यापूर्वीचा एकूण नफा झाला १०० कोटी, म्हणजे विक्रीच्या १० टक्के.

तीन विभाग गेले की २० कोटींचा नफा जातो, पण ते ६० कोटी आपोआप जात नाहीत. मुख्य कार्यालयाचं भाडं, एचआर, कायदा विभाग, सर्व्हर, वरिष्ठांचे पगार तिथेच राहतात. एका पंपावर दोन बागा भिजत असतील आणि एक बाग विकली, तर पंपाचा स्थिर आकार उरलेल्या बागेवरच बसतो, तसंच. नफा उरतो ८० कोटी. मात्र ६५० कोटींच्या विक्रीवर ८० कोटी म्हणजे १२.३ टक्के. मार्जिन, म्हणजे विक्रीतला नफ्याचा टक्का वाढला आणि नफा घटला, दोन्ही एकदमच खरं. कंपनीच्या सादरीकरणात पहिलाच आकडा मोठ्या अक्षरात असतो. तुम्ही दुसरा पाहा.

पुढचा प्रश्न, हे विभाग विकून येणारे २५० कोटी कुठे जाणार. १५० कोटींचं कर्ज १० टक्के व्याजाचं असेल आणि ते फेडलं, तर वर्षाला १५ कोटी वाचतात. म्हणजे त्या ८० मधून व्याज जाऊन ६५ उरले असते ते पूर्ण ८० राहतात, आणि हा चांगला वापर. उरलेल्या १०० कोटींतून कंपनी लगेच दुसरी कंपनी विकत घेणार असेल, तर ‘लक्ष केंद्रित करतोय’ या म्हणण्यावर माझा भरवसा बसत नाही.

हे कळायला अंदाज बांधायची गरज नाही. विकला जाणारा भाग एकूण उत्पन्नाच्या २० टक्क्यांहून मोठा असेल, तर कंपनी कायद्याच्या कलम १८० प्रमाणे विशेष ठराव लागतो, म्हणजे बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट हवीत. तुमच्या कंपनीत हा भाग ३५ टक्के आहे. २०२३ पासून सेबीच्या ३७अ नियमानुसार प्रवर्तक सोडून बाकीच्या भागधारकांचीही बाजूची मतं जास्त पडावी लागतात. त्या ठरावाच्या सूचनेसोबत स्पष्टीकरण जोडलेलं असतं आणि विक्रीचा हेतू व पैशांचा वापर त्यात लिहावा लागतो. ई-व्होटिंगची मेल आली की बहुतेक जण ती न उघडताच सोडून देतात. तुम्ही ती उघडा आणि तीन गोष्टी शोधा: घेणारा प्रवर्तकांच्या नात्यातला आहे का, पूर्ण रक्कम रोख आहे की काही भाग पुढच्या कामगिरीवर अवलंबून आहे, आणि व्यवहारानंतर किती महिने कंपनीने घेणाऱ्याला सेवा पुरवायची आहे. ती सेवा स्वस्तात द्यायची ठरली असेल, तर ६० कोटींचा खर्च आणखी रेंगाळतो.

जाहीर झालेली विक्री पार पडतेच असंही नाही. इन्फोसिसने २०१५ मध्ये २० कोटी डॉलरना घेतलेली पनाया आणि सोबत स्कावा या कंपन्या विकायचं एप्रिल २०१८ मध्ये जाहीर केलं. पण जानेवारी २०१९ मध्ये दोन्ही ‘विक्रीसाठी’ या गटातून परत काढाव्या लागल्या. मधल्या काळात अशा विभागातली चांगली माणसं निघून जातात, ग्राहक करार वाढवत नाहीत, आणि किंमत पडते.

पैसा भागधारकांना वाटला, तर कशा रूपात वाटला हे तुमच्या कराच्या दृष्टीने फार महत्त्वाचं. मजेस्को या नवी मुंबईच्या कंपनीने २०२० मध्ये अमेरिकेतला सॉफ्टवेअरचा धंदा विकला आणि डिसेंबरात शेअरमागे ९७४ रुपये लाभांश दिला. हजाराच्या जवळचा भाव दहा-बारा रुपयांवर आला. लाभांश एप्रिल २०२० पासून आपल्या उत्पन्नात धरला जातो आणि स्लॅबप्रमाणे कर लागतो. शेअर पडल्याने झालेला तोटा भांडवली तोटा असतो, तो लाभांशातून वजा होत नाही. म्हणजे हातात आलेली सगळी रक्कम करपात्र, आणि तोटा मात्र पुढच्या भांडवली नफ्याची वाट बघत बसून राहतो. बायबॅकवरचा (कंपनी आपलेच शेअर परत विकत घेते त्यावरचा) कर ऑक्टोबर २०२४ मध्ये बदलला आणि तो नियम सरकार पुन्हा पुन्हा हलवतं, तेव्हा घोषणा होईल त्या दिवशीचा नियम पाहा. मोठा विशेष लाभांश जाहीर झाला, तर रेकॉर्ड डेटच्या (त्या दिवशी शेअर नावावर असेल त्यालाच लाभांश मिळतो) आधी विकून भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर भरणं स्वस्त की लाभांश घेणं, हे कागदावर मांडा.

आता तुमचे शेअर. डिमॅटच्या ॲपमध्ये खरेदी किंमत १०० रुपये दिसते, कारण तुम्ही कंपनीला तेवढेच दिले होते. करासाठी ती किंमत धरू नका. हक्क वापरला त्या दिवशीचा बाजारभाव २६० होता आणि मधल्या १६० रुपयांवर तुम्ही पगारात कर भरला आहे. तो त्या वर्षीच्या फॉर्म १६ सोबतच्या १२बीएमध्ये असेल, तो कागद शोधून ठेवा. नफा शेअरमागे ५२० नाही, ३६० रुपये. ही चूक केली तर १,५०० शेअरवर दोन लाख चाळीस हजारांचा नफा उगाच जास्त दिसतो.

९०० शेअर एकदम विकले तर नफा ३ लाख २४ हजार. आर्थिक वर्षाला सव्वा लाख माफ, उरलेल्या १ लाख ९९ हजारांवर १२.५ टक्के आणि सेस मिळून २५,८७० रुपये. त्याऐवजी ४५० मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आणि ४५० एप्रिलमध्ये विकले, तर दोन्ही वर्षांची माफी मिळून कर ९,६२०. सव्वासोळा हजार वाचतात. भाव मधे पडू शकतो हे खरं, पण इतक्या थोड्या दिवसांसाठी हा धोका मी घेईन. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरची सूट या नफ्याला लागू होत नाही, त्यावर विसंबू नका. बायकोच्या नावावर शेअर करून उपयोग नाही, नफा तुमच्याच उत्पन्नात धरला जाईल. आईला दिले तर तसं होत नाही, आणि तिला दुसरं करपात्र उत्पन्न नसेल तर करही वाचेल. पण मग ते पैसे खरोखर आईचे होतात, उद्या भावाबहिणींचाही त्यावर हक्क येतो. घरात आधी बोला.

जुने सहकारी फोन करून ‘कोण घेणार’ ते सांगत असतील. ती माहिती बाजारात जाहीर नसेल, तर तिच्या आधारे एकही शेअर विकू नका वा घेऊ नका. आतल्या माहितीवरच्या व्यवहाराचा नियम सोडून गेलेल्यांनाही लागतो.

हातात येतील साधारण ५ लाख ४८ हजार. त्यातून पहिली गोष्ट दलालाची उचल. पीक कर्ज फेडायची घाई करू नका. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्र आणि राज्याच्या व्याज सवलतीने ते जवळपास बिनव्याजी पडतं. उचलीवर व्याज लिहिलेलं नसतं, पण तुमची पेटी त्याच गाळ्यावर जाते आणि पट्टीवर, म्हणजे दलालाच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर, जो दर येईल तो घ्यावा लागतो. गेल्या दोन हंगामांच्या पट्ट्या काढा आणि त्याच तारखेचा दुसऱ्या गाळ्यावरचा दर शेजाऱ्याला विचारून बाजूला लिहा. पेटीमागचा फरक दिसेल. दीड लाख देऊन मोकळे झालात, तर पुणे, कोल्हापूर किंवा थेट गिऱ्हाईक असा पर्याय उघडतो. या पैशाचा याहून चांगला वापर मला दिसत नाही.

दुसरे दोन लाख वेगळ्या एफडीत ठेवा, एका हंगामाच्या खर्चापुरते: कल्टार (मोहोरासाठीचं औषध), खतं, तुडतुडे आणि थ्रिप्सवरच्या फवारण्या, राखणदार, पेट्या. मोहोर अवकाळी पावसाने गेला की खर्च झालेला असतो आणि मे महिना रिकामा जातो. त्या वर्षी हे पैसे नसले तर पुन्हा उचल घ्यावी लागेल.

उरले सुमारे १ लाख ९८ हजार. एवढ्यात दोन खोल्या होत नाहीत, आणि कर्ज काढून त्या करू नयेत, कारण बाग आणि पर्यटक दोन्हींचा हंगाम उन्हाळ्यात अडकलेला आहे. एक पाऊस लवकर आला की दोन्हीकडची मिळकत एकदम थांबते. शिवाय आता फेब्रुवारी संपत आला, काम ७ जूनच्या आत छपरापर्यंत जायचं नाही. आधी जागा भरतीरेषेपासून किती अंतरावर आहे ते सीआरझेडच्या (किनाऱ्यालगतच्या बांधकामावर नियंत्रण असलेला पट्टा) नकाशावर पाहून घ्या. कमी लोकवस्तीच्या गावात २०० मीटरच्या आतल्या बांधकामावर बंधनं आहेत आणि नंतर पाडायची नोटीस आली तर चिरासुद्धा वसूल होत नाही. तोवर राहत्या घराची मागची एक खोली आणि न्हाणीघर नीट करून न्याहारी-निवास म्हणून नोंदवा आणि एक दिवाळी, एक मे पाहुणे घेऊन बघा.

ठेवलेल्या ६०० शेअरचा निर्णय व्यवहार पूर्ण झाल्यानंतरच्या दोन तिमाही निकालांवर घ्या. त्यात विक्रीचा नफा ‘एक्सेप्शनल’ म्हणून वेगळा दाखवलेला असेल. तो वजा केल्याशिवाय पीई (भाव शेअरमागच्या नफ्याच्या किती पट आहे ते) काढू नका, नाहीतर शेअर फुकटात मिळतोय असं वाटेल. अनअलोकेटेड खर्च तिमाहीला १५ कोटींवरून १० पर्यंत उतरला, तर ठेवा. तिथेच राहिला, किंवा सर्वांत मोठ्या पाच ग्राहक बँकांचा विक्रीतला वाटा निम्म्याच्या वर गेला, तर उरलेलेही विका.

मार्चमध्ये विकलेल्या ४५० शेअरवरचा ४,८१० रुपये कर धरून वर्षाचा एकूण कर दहा हजार किंवा जास्त होत असेल, तर तो ३१ मार्चच्या आत ॲडव्हान्स टॅक्स म्हणून भरा, नाहीतर रिटर्नच्या वेळी भरा. शेतीचं उत्पन्न आणि हा नफा असल्याने रिटर्नसाठी सुगम फॉर्म चालणार नाही, आयटीआर-३ लागेल. सीएला हे आत्ताच सांगून ठेवा.