मधुमेहात किडनी जपायची तर डाळी-उसळी सोडायच्या का? सोयाबीन चालतं का?

सोडू नका. आणि हो, सोयाबीन चालतं.

आमच्याकडे यावरून वर्षानुवर्षं धुसफूस चालली होती, म्हणून लिहिते. सासूबाईंची शुगर जुनी. लघवीतून अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) जातंय असा रिपोर्ट आला आणि थोरले भाऊजी पथ्याचे मालक झाले. डाळ बंद, मटकीची उसळ बंद, कुळथाचं पिठलं म्हणजे तर विषच! आणि ‘प्रोटीन वाहून जातंय, भरून काढायला हवं’ म्हणत रोज चिकन सूप, अंडी, वर डब्यातली पावडर. माझ्या मसुराच्या आमटीकडे डोळे वटारणारे हेच गृहस्थ.

अहो, ते असं भरून निघत नाही. प्रोटीनचा मारा झाला की किडनीच्या गाळण्यांवर ताण वाढतो, आणि मांसाने तो सोयाबीनपेक्षा जास्त वाढतो. शिवाय किडनीच्या तपासणीत रक्तात जे क्रिएटिनिन मोजतात, ते शिजवलेल्या मांसात आयतंच असतं. रात्री मटण ओरपून सकाळी रक्त दिलं तर आकडा चढलेला दिसू शकतो. आमच्याकडे चढला की दोष आमटीचा!

इराणमध्ये मधुमेहाने किडनी बिघडलेल्या 41 जणांवर चार वर्षं प्रयोग झाला, 2008 साली छापून आला. प्रोटीन दोन्ही गटांना रोज वजनाच्या किलोमागे 0.8 ग्रॅमच, पण एका गटाचं निम्मं प्राणिज प्रोटीन काढून सोयाबीन दिलं. त्या गटाचं लघवीतून जाणारं प्रोटीन कमी झालं, शुगर-कोलेस्टेरॉलही उतरलं. माणसं थोडी होती, मान्य. पण भाऊजींकडे तेवढंही नव्हतं. मग म्हणाले, डाळीत फॉस्फरस असतो, तो बिघडलेल्या किडनीला नको. असतो, पण तो बराचसा फायटेट नावाच्या, आपल्याला नीट न पचणाऱ्या घटकात अडकलेला. मांसातल्याइतका अंगी लागत नाही.

म्हणून उसळ खा, पण सूप-अंड्यांच्या जागी, त्यांच्यावर भर म्हणून नाही. 60 किलो वजनाला दूध-पोळीसकट दिवसाचे 48 ग्रॅम प्रोटीन पुरतात. नुसत्या खाण्याने किडनी बरी होत नाही; बीपी-शुगरच्या गोळ्या चुकवू नका.

हां, एक राहिलं. रक्तात पोटॅशियम वाढलेलं असेल (बीपीच्या काही गोळ्यांनीही वाढतं) तर कडधान्य भिजवून, उकडून पाणी फेकायचं आणि किती खायचं ते डॉक्टरांना विचारायचं. डायलिसिस सुरू असेल तर हिशेब उलटा, तिथे प्रोटीन जास्त लागतं. हे उत्तर त्यांच्यासाठी नाही.

आणि घरात कुणी पावडरचा डबा आणून ठेवला असेल, तर आणणाऱ्यालाच पाजा.