जुने कपडे कचऱ्यात टाकल्याने नागपूरच्या पर्यावरणाचं नेमकं काय बिघडतं?

कापड कशाचं आहे, यावर बरंच अवलंबून आहे. निव्वळ सुती कापड कुजतं, पण भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डासारख्या कचऱ्याच्या ढिगाखाली दबलं की हवा मिळत नाही आणि कुजताना मिथेन तयार होतो. उन्हाळ्यात डम्पिंग यार्डाला आग लागली की हा वायू ती भडकवतो. पॉलिस्टर तर प्लास्टिकच. ते वर्षानुवर्षं तसंच राहतं, जळालं तर त्याचा विषारी धूर सगळ्यात आधी शेजारच्या वस्त्यांमधल्या लेकरांच्या छातीत जातो. स्वस्त कपडे बहुतेक मिश्र धाग्याचे असतात, त्यामुळे धागे वेगळे करून पुन्हा सूत काढणंही अवघड.

दुसरी वाट पाण्याची. नाल्यात फेकलेल्या चिंध्या पिशव्यांसोबत अडकतात, गाळ धरतात आणि जोराच्या पावसात पाणी तुंबतं. सिंथेटिक कपड्यांचे बारीक तंतू मात्र अडकून राहत नाहीत. नाग नदीतून कन्हान, तिथून वैनगंगा आणि पुढे गोसीखुर्दचं धरण. आपल्या शहराची घाण भंडाऱ्याकडच्या मासेमारांच्या पाण्यात उतरते, हे मला सगळ्यात जास्त खुपतं. १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झालेल्या शहराला तरी कापडाची किंमत कळायला हवी.

घालण्याजोगे कपडे गरजूंना किंवा कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायांना द्या. फाटकं सुती कापड पुसायला वापरा, गॅरेजवालेही घेतात. ओल्या कचऱ्यात मात्र कापड टाकूच नका. एकदा बरबटलं की ते कोणाच्याच कामाचं राहत नाही.