उंच उडीनंतर विज्ञानाचा वर्ग

प्रश्न : माझी मुलगी 27 वर्षांची आहे. उंच उडीची व्यावसायिक खेळाडू. गुडघ्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर तिनं स्पर्धा थांबवायचं ठरवलंय. भौतिकशास्त्राची पदवी आहे. आता मुलांना विज्ञान शिकवायचं, त्यांच्यासाठी पुस्तकं लिहायची म्हणते. पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची का? या वयात जमेल?
– एक आई

उत्तर : नमस्कार. नक्की जमेल. वेळ मात्र लागेल, आणि त्याची तयारी तुम्हा दोघींनी आत्ताच ठेवायला हवी.

अमेरिकेचे लेलँड मेल्विन हे रसायनशास्त्राचे पदवीधर. 1986 मध्ये डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघानं त्यांची निवड केली, पण मांडीचा स्नायू दुखावला आणि खेळ लवकरच सुटला. 1989 मध्ये ते नासात संशोधनाला लागले, 1991 मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. 1998 मध्ये अंतराळवीर म्हणून निवड झाली, 2008 आणि 2009 मध्ये दोनदा अवकाशात जाऊन आले. नासाच्या शिक्षण विभागाची धुरा त्यांच्याकडे आली ती 2010 मध्ये. आत्मकथन आणि त्याची मुलांसाठीची आवृत्ती 2017 ची. तुमच्या मुलीला अवकाशात जायचं नाही, पण ही सालं तिनं नीट पाहावीत. मुलांसमोर उभं राहण्याआधी हा माणूस वर्षानुवर्षं विषयात मुरला होता.

तिच्याकडे मुरलेलं काय आहे? तिची उडी! 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डिक फॉस्बरी पाठीवर उलटून दांडीपलीकडे गेले आणि 2.24 मीटरवर सुवर्णपदक जिंकले. या उडीत पाठीची कमान अशी होते, की शरीर दांडीवरून जात असताना गुरुत्वमध्य, म्हणजे शरीराचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानता येतं तो बिंदू, दांडीखालूनही जाऊ शकतो. दहा वर्षांच्या मुलाला हे सांगून पटणार नाही. त्याला पुठ्ठ्याची बारीक चंद्रकोर कापायला द्यायची. ती आधी एका टोकाशी, मग दुसऱ्या टोकाशी टाचणीनं टांगायची, दर वेळी टाचणीपासून ओळंबा (वजन बांधलेली दोरी) सोडायचा आणि त्याच्या रेषेवर दोरा ताणून चिकटवायचा. दोन्ही दोरे जिथे छेदतात तो कोरीचा गुरुत्वमध्य, आणि तो असतो पोकळीत, जिथे पुठ्ठाच नाही. मग तिनं स्वतःच्या उडीचा व्हिडिओ दाखवावा. हा धडा तिच्याइतका अधिकारानं फार थोडे शिक्षक घेऊ शकतील.

ती खेळाडू आहे म्हणून पहिल्या तासाला मुलं भान हरपून ऐकतील. पुढच्या तासापासून “पण असं का?” सुरू होईल, आणि तिथे खेळातलं नाव कामाला येत नाही. पदवीनंतर पुस्तकांना फारसा हात लागलेला नसेल, तर आधी शाळेच्या वरच्या वर्गांचं भौतिकशास्त्र पुन्हा पक्कं करावं. शाळेत कायम नोकरी हवी असेल तर शिक्षणशास्त्राची पदवी घ्यावी. प्रयोग करून दाखवण्यात जास्त रस असेल तर विज्ञान केंद्रात उमेदवारी करावी. माझं स्पष्ट मत विचाराल तर आधी शिकवणं, लेखन त्याच्या जोडीनं. बाललेखनातून सुरुवातीला मिळणारे पैसे तुटपुंजे आणि अनियमित असतात. शिवाय मुलांच्या रोजच्या सहवासाशिवाय लिहिलेला मजकूर उपदेशाकडे झुकतो.

लिहिताना एकच वयोगट धरावा. मजकूर मुलांना मोठ्यानं वाचून दाखवावा आणि ती कुठे चुळबुळ करतात ते टिपावं; तिथेच कात्री लावायची. विज्ञान जाणकाराकडून तपासून घ्यावं. चित्रकार बहुतेक वेळा प्रकाशक ठरवतात, ती चिंता आत्ता नको.

शून्यापासून म्हणाल, तर तसं मला वाटत नाही. प्रशिक्षकानं शंभरदा चूक दाखवल्यावर पुन्हा धावायला उभं राहायची सवय तिला आहे. संपादकाकडून लाल खुणांनी भरलेलं हस्तलिखित परत येईल, तेव्हा हीच सवय उपयोगी पडेल. खेळ सुटल्याचं दुःख मात्र तिला होईल, त्याला वेळ द्या. “झालं ते बरंच झालं” असं एवढ्यात म्हणू नका.

आणि अर्धवेळ प्रशिक्षकाचं काम मिळत असेल, गुडघा तेवढी परवानगी देत असेल, तर ते जरूर घ्यावं. पहिली काही वर्षं खर्चाला आधार होईल आणि सरावाला येणारी मुलंच तिच्या कच्च्या मजकुराची पहिली वाचक होतील.