नाकाच्या शेंड्यात हाड नसतं

प्रश्न असा आहे : नाकाच्या शेंड्याचा आकार सुधारण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल लिहिताना शेंड्यातल्या चिवट, लवचिक भागाला (इंग्रजीत cartilage) ‘कूर्चा’ म्हणावं, ‘कास्थी’ म्हणावं की सरळ ‘नाकाचं हाड’?

शेवटचं आधी निकालात काढतो. ‘शेंड्याचं हाड वाकडं होतं, बसवून घेतलं’ हे ऐकून ऐकून कान किटले. शेंड्यावर बोट ठेवून दाबा. दबतो, सोडला की पुन्हा उभा राहतो. बोट तसंच वर सरकवा. जवळपास निम्म्यावर टणक लागतं, हाड तिथून सुरू होतं. शेंड्यात हाड असतं तर मराठीला ‘नाक मुरडणं’ सुचलंच नसतं.

‘कूर्चा’ रुळलाय, गुडघेदुखीच्या लेखांत सतत भेटतो. मला तो पटत नाही. संस्कृतात ‘कूर्च’ म्हणजे जुडी, झुपका, दाढी. आपला कुंचा आणि कुंचला त्याच घरातले. सुश्रुतसंहितेत, म्हणजे शस्त्रक्रियेवरच्या प्राचीन आयुर्वेदग्रंथात, कूर्च आहे, पण ते हातापायांतलं मर्म, म्हणजे नाजूक जागा. गुळगुळीत, चिवट पदार्थाला झुपक्याचं नाव कशासाठी? ‘कास्थी’ निदान अर्थाला धरून आहे : ‘का’ म्हणजे किंचित, म्हणून किंचित हाड.

पण शब्द तयार असताना नवे घडवायचेच का? सुश्रुताने हाडांचे पाच प्रकार सांगितले : कपाल, रुचक, तरुण, वलय, नलक. आणि ती कशी दुखावतात तेही : ‘तरुणास्थीनि नम्यन्ते भज्यन्ते नलकानि तु’. नळीची हाडं मोडतात, तरुण हाडं, म्हणजे तरुणास्थी, वाकतात. तरुण! गर्भात हातापायांची हाडंही आधी अशीच मऊ घडतात, मग टणक होतात. नाकाच्या शेंड्यातली मात्र तशीच राहतात. नाव ठेवणाऱ्याने तान्ह्या मुलाचं अंग हाताळून हे ओळखलं असावं, असा माझा तर्क आहे, आणि तो मी सोडणार नाही.

ते ‘नम्यन्ते’ आजच्या शस्त्रक्रियेतही दिसतं. शेंड्याला आकार देतात तरुणास्थीच्या दोन कमानी, एकेका नाकपुडीला एक. पूर्वी त्या कापून बारीक करण्यावर भर असे. जास्त कापलं गेलं की पुढे शेंडा चिमटल्यासारखा दिसे, श्वास घेताना नाकपुडी आत ओढली जाई. म्हणून आता जमेल तिथे कमान टाक्यांनी वाकवतात. आधार कमी पडलाच तर नाकाच्या पडद्यातून किंवा कानातून तरुणास्थीची पट्टी काढून जोडतात. तरुण हाडं कुठे असतात हे सांगताना सुश्रुताने आरंभच ‘घ्राणकर्ण’ असा केलाय : नाक आणि कान, शेजारी शेजारी.