फीचे पैसे आणि नवा मोबाइल

प्रश्न: ताई, आमच्या मंडळीतली (चर्चमधली) एक विधवा बहीण तीनदा माझ्याकडे पैसे मागायला आली. मी दिले. शेवटचे पैसे मुलीच्या फीसाठी होते आणि पुढच्याच रविवारी तिच्या हातात नवा मोबाइल दिसला. आमचे हे म्हणतात, "आता पुरे. काम न करणाऱ्याने खाऊ नये, असं प्रेषित पौलानेच लिहिलंय." मला झोप लागत नाही. देणं थांबवलं तर पाप होईल का?

उत्तर: प्रिय बहीण, प्रभूच्या नावात सलाम.

तुमचे यजमान म्हणतात ते वचन बायबलमध्ये, पौलाच्या पत्रात आहे (2 थेस्सलनीकाकरांस 3:10). पण काम करायची इच्छाच नाही, अशांबद्दल ते आहे. ज्याला काम मिळत नाही किंवा झेपत नाही, त्याच्याबद्दल नाही. आणि लगेच 13 व्या वचनात पौल सांगतो, चांगलं करताना खचू नका. पहिलं वचन सगळ्यांना पाठ असतं, दुसरं कुणाला आठवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मोबाइल कुणी दिलाही असेल. तिने खरंच खोटं सांगितलंही असेल. तिला विचारल्याशिवाय कसं कळणार? मी एकदा अशाच एका बाईंना दारातच पाकीट दिलं. त्यांनी ते न उघडता मुठीत धरलं आणि म्हणाल्या, "थोडं बसू का?" मला उपासनेला उशीर होत होता. मी नाही म्हटलं. आजही उपासनेला निघताना ती मूठ आठवते.

रोख पैसे देणं थांबवायला हरकत नाही, त्यात पाप नाही. फी थेट शाळेत भरा. आणि हे ओझं एकटीने वाहू नका. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत हेळसांड होऊ लागली, तेव्हा त्या कामासाठी सात जण निवडले (प्रेषितांची कृत्ये 6). येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्यानेही (शोमरोन प्रांतातल्या वाटसरूनेही) वाटेतल्या जखमी माणसाला उतारशाळेत नेलं, रात्रभर सांभाळलं, दुसऱ्या दिवशी दोन दिनार देऊन पुढची काळजी तिथल्या माणसाकडे सोपवली, आणि परत येईन असंही सांगितलं. तेव्हा पाळकांशी बोला, पण तिला विचारून. तिची अडचण चारचौघांत जाता कामा नये.

त्याआधी तिला घरी बोलवा, यजमानांनाही सोबत बसू द्या. मोबाइलचं नंतर विचारा. आधी मुलगी कशी आहे ते विचारा.